नाद डोळ्यांना दिसू लागला तेव्हा : सांगलीच्या सोनोमीटरपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

वाद्य वाजत असताना त्याच क्षणी त्याचे चित्र पडद्यावर उमटणे ही आज अगदी साधी गोष्ट झाली आहे. लॅपटॉपचा मायक्रोफोन आणि काही ओळींचा प्रोग्रॅम एवढ्यावर हे काम होते. पण या साध्या गोष्टीमागे सुमारे दोनशे तीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग सांगली, बडोदे, कलकत्ता, बंगळूर, दिल्ली आणि मुंबई या शहरांत घडला आहे. या टिपणात आपण तो इतिहास पाहणार आहोत. त्याचबरोबर एका प्रश्नाचा माग काढणार आहोत : आवाजाचे चित्र काढणारे उपकरण जे दाखवते ते आवाजात असते, की उपकरणाच्या घडणीमुळे तसे दिसते?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपल्या संगीतातील श्रुतींचा शंभर वर्षांचा वाद याच प्रश्नावर अडला होता. आज गाणे शिकवणारी मोबाईल ॲप विद्यार्थ्याला "स्वर चुकला" असे सांगतात, तेव्हाही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

१. संगणकापूर्वीची चित्रे

आवाज दिसू शकतो हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे दाखवले ते अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने. १७८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढून मिळालेल्या आकृत्या आहेत. पत्र्याचा जो भाग थरथरतो तेथून वाळू उडते, जो भाग स्थिर असतो तेथे ती साठते. वाळूच्या रेषा म्हणजे कंपन नसलेल्या जागांचा नकाशा.

१८५७ साली पॅरिसमध्ये एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तेंव्हिल याने फोनोटोग्राफ या यंत्राचे पेटंट घेतले. काजळी धरलेला कागद दंडगोलावर गुंडाळायचा, पडद्याला एक ताठ केस जोडायचा आणि समोर बोलायचे. पडदा थरथरला की केस काजळीवर नागमोडी रेघ ओढतो. हे यंत्र आवाज लिहीत असे, परत ऐकवत नसे. त्या रेघांमधून प्रत्यक्ष आवाज काढून ऐकण्याचे काम अमेरिकी संशोधकांनी २००८ साली संगणकाच्या मदतीने केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे उपकरण रुडॉल्फ क्योनिग याचे. १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने मांडलेल्या उपकरणात आवाजाने एक पातळ पडदा हलतो, पडद्यामागच्या गॅसचा दाब त्यामुळे कमीजास्त होतो आणि गॅसची ज्योत वरखाली नाचते. ज्योतीचे हे नाचणे नुसत्या डोळ्याला कळत नाही, म्हणून समोर फिरता आरसा ठेवायचा. आरशात ज्योतीची दातेरी पट्टी दिसते आणि आवाज बदलला की दाते बदलतात. काजळीचा कागद आवाज संपल्यावर वाचायचा असतो. ज्योत मात्र आवाज चालू असतानाच पाहायची. "चालू आवाजाचे चालू चित्र" या कल्पनेचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल. पुढे १८९७ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन याने कॅथोड किरण नलिका बनवली आणि तिच्यातून ऑसिलोस्कोप आला. आपल्या प्रयोगशाळेतला सीआरओ हा त्याचाच वंशज.

मोजमापाची भाषाही याच काळात तयार झाली. अलेक्झांडर एलिस याने १८८५ च्या सुमारास सेंट हे एकक रूढ केले. एका सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. पुढची गणिते समजण्यासाठी हे एकक लक्षात ठेवावे.

२. सांगलीची तार : देवल आणि अब्दुल करीम खाँ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर एका जुन्या प्रश्नाच्या मागे लागले. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या नेमक्या कोठे आहेत? देवलांना पाठांतराने किंवा तर्काने मिळणारे उत्तर नको होते, त्यांना मोजमाप हवे होते. त्यासाठी त्यांनी सोनोमीटर वापरला आणि गळा घेतला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचा. १९१० साली पुण्याहून त्यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे जिल्हा न्यायाधीश या कामात त्यांचे सहकारी झाले आणि श्रुतींप्रमाणे स्वर लावलेली खास हार्मोनियमही तयार झाली.

सोनोमीटर आपण बारावीला पाहिलेला असतो : लाकडी पेटीवर ताणलेली एक तार आणि तिच्याखाली सरकणारी घोडी. तारेचा ताण तोच ठेवला तर वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. समजा, पूर्ण तार ९० सेंटिमीटर आहे आणि ती सा देते. घोडी ६० सेंटिमीटरवर आणली की प मिळतो, कारण ९० भागिले ६० म्हणजे ३/२. ८० सेंटिमीटरवर ९/८ या प्रमाणाचा रिषभ मिळतो. ८१ सेंटिमीटरवर मिळतो तो १०/९ या प्रमाणाचा, किंचित उतरलेला रिषभ. या दोन रिषभांमधले अंतर ८१/८० आहे, म्हणजे सुमारे २२ सेंट. तारेवर ते बरोबर एक सेंटिमीटर भरते. श्रुतींच्या जुन्या कोष्टकांत असते तशी सा ची वारंवारता २४० हर्ट्झ धरली, तर हे दोन रिषभ २७० आणि २६६.६७ हर्ट्झचे येतात.

एक सेंटिमीटर डोळ्याला स्पष्ट दिसतो. जे अंतर कानाला जेमतेम जाणवते ते लाकडी पट्टीवर बोटाने दाखवता येते, हीच देवलांच्या पद्धतीची ताकद होती. आवाजाचे अंतर त्यांनी लांबीच्या अंतरात बदलले.

पण या उपकरणाची मर्यादाही पाहा. घोडी सरकवून तारेचा स्वर गायकाच्या स्वराशी जुळवायला वेळ लागतो. तोपर्यंत गायकाने स्वर धरून ठेवला पाहिजे. मींड, आंदोलन, गमक, कण यांपैकी काहीही सोनोमीटरवर मोजता येत नाही. म्हणजे हे उपकरण स्वरांकडे फक्त स्थिर बिंदू म्हणूनच पाहू शकते. बिंदूच पाहू शकणाऱ्या उपकरणाला बिंदूच सापडणार. बावीस श्रुती म्हणजे बावीस ठरीव जागा, ही समजूत देवलांपूर्वीही होती. मोजमापाने तिला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटू लागले. शिवाय संवेदक म्हणून शेवटी कानच होता. तार आणि गळा जुळले की नाही, हे ऐकणाराच ठरवत होता.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींचा प्रश्न जोरात चर्चिला गेला आणि एकमत झाले नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी आपली पद्धती बारा स्वरांवर उभी केली. प्रत्यक्ष व्यवहारात गायकांचे स्वर अशा सूक्ष्म गणिती जागांवर बांधता येतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. दोन्ही बाजूंना विद्वान होते, दोन्ही बाजूंना उत्तम कान होते. कमतरता होती ती चालत्या स्वराचे चित्र काढणाऱ्या उपकरणाची.

३. तबल्यावरची वाळू : रामन यांचे प्रयोग

स्वराच्या उंचीपुरता वाद चालू असताना चंद्रशेखर वेंकट रामन वाद्यांच्या नादाकडे पाहत होते. १९२० साली कलकत्त्याहून त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात मृदंग-तबल्याच्या उपस्वरांवर टिपण लिहिले आणि १९३४ मध्ये बंगळूरहून त्याचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला.

साध्या गोल कातड्याच्या कंपनप्रकारांच्या वारंवारता १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा आडवळणाच्या प्रमाणात येतात. म्हणून साध्या ढोलाला ठाम सूर नसतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई भरलेली असते. शाईच्या वजनामुळे ही प्रमाणे बदलतात आणि १ : २ : ३ : ४ : ५ च्या अगदी जवळ येतात. रामन यांनी दाखवले की पहिले नऊ कंपनप्रकार पाच गटांत विभागले जातात आणि प्रत्येक गट एकेक संनादी स्वर देतो. हे सिद्ध करताना त्यांनी क्लाडनीचीच युक्ती वापरली : पुडीवर बारीक वाळू पसरून निरनिराळ्या आघातांनी उमटणाऱ्या आकृत्यांची छायाचित्रे घेतली. तबलजी बोट कोठे टेकवतो आणि कोठे मारतो यावर कोणता कंपनप्रकार दाबला जाईल आणि कोणता मोकळा राहील हे ठरते; वाळू ते दाखवते.

१९२१ मध्ये रामन यांनी तानपुऱ्याच्या घोडीवरही लिहिले. घोडीचा माथा सपाटसर, किंचित गोलाई दिलेला असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये जवारीचा धागा सरकवलेला असतो. त्यामुळे तार नुसती टोकाला बांधलेली नसते, ती कंप पावताना घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हापुन्हा स्पर्श करते. साध्या सिद्धान्ताप्रमाणे तारेच्या ज्या बिंदूवर छेडले तेथे पात असणारे उपस्वर नादात नसावेत. तानपुऱ्यात मात्र तेही ऐकू येतात.

यातून पुढच्या अभियंत्याने घ्यायचा धडा असा : नादाचे एकच खरे चित्र नसते. तानपुऱ्याचे सौंदर्य उपस्वरांच्या झळाळीत आहे, म्हणून तेथे वर्णपट हवा. तबल्याचे कंपन जागेवर अवलंबून आहे, म्हणून तेथे पृष्ठभागाचे चित्र हवे. बासरी, सारंगी किंवा गळा यांचे सत्त्व स्वराच्या चालीत आहे, म्हणून तेथे काळाच्या अक्षावर सरकणारी वारंवारतेची रेषा हवी. हार्मोनियमची तीच रेषा काढली तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात, कारण दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्या वाद्याला नाहीच. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती काही दशके टिकली, त्या वादाचा गाभा पायरी आणि वळण यांतला हा फरकच होता.

४. यंत्राचा वेग : मिनिटांपासून क्षणापर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ध्वनी-स्पेक्ट्रोग्राफ तयार झाला. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि काळेपणा म्हणजे त्या वारंवारतेचे बळ. आजच्या स्पेक्ट्रोग्रामची मांडणी तीच आहे. मात्र २.४ सेकंदांच्या आवाजाचे एक चित्र काढायला त्या यंत्राला काही मिनिटे लागत. तोच आवाज पुन्हापुन्हा वाजवून प्रत्येक वेळी वेगळ्या वारंवारतेचा पट्टा गाळून घ्यावा लागे. रॅल्फ पॉटर आणि सहकाऱ्यांचे यावरील पुस्तक १९४७ साली आले. बहिऱ्या व्यक्तींना बोलणे "वाचता" यावे हा त्यांचा एक मोठा हेतू होता.

संगणकाच्या बाबतीत खरी अडचण गुणाकारांची होती. १०२४ नमुन्यांचे फूरियर रूपांतर सरळ व्याख्येप्रमाणे काढायचे तर सुमारे दहा लाख गुणाकार लागतात. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीने, म्हणजे एफएफटीने, हे काम सुमारे दहा हजारांच्या घरात आले. शंभरपट बचत. वर्णपट "मागाहून" काढण्याची गोष्ट राहिली नाही, तो "आत्ता" काढता येऊ लागला.

यानंतर इतिहासाला दोन फाटे फुटतात. एक फाटा शोभेचा. १९७६ मध्ये अटारी कंपनीने घरातील स्टिरिओ आणि टीव्ही यांच्यामध्ये जोडायची पेटी काढली. गाण्याबरोबर टीव्हीवर रंगीत आकृत्या हलत. १९९७ मध्ये विनॲम्प आले आणि २००१ मध्ये त्यासाठीचे मिल्कड्रॉप. ज्यांचे शालेय वय त्या सुमाराला गेले त्यांना ते भोवरे आठवतील. दुसरा फाटा मोजमापाचा, आणि आपल्याकडचा इतिहास मुख्यतः याच फाट्यावर आहे.

५. दिल्ली आणि मुंबई : रेषा चालू लागली

१९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी ऑसिलोस्कोपच्या मदतीने हिंदुस्थानी वादक-गायकांच्या स्वरांची मोजमापे प्रसिद्ध केली. तोच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात, इतकेच नव्हे तर एकच कलावंत एकाच मैफलीत तो बदलतो, असे त्यांत दिसले. देवलांच्या ठरीव जागांना हा पहिला मोठा धक्का.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नवी दिल्लीतील इस्टार या संशोधन संस्थेत बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने जिम अर्नोल्ड यांच्याबरोबर काम करताना मेलॉडिक मूव्हमेंट ॲनलायझर हे उपकरण बनवले. नावाचा अर्थच स्वरांच्या चालीचे विश्लेषण करणारे यंत्र. यात मूल वारंवारता शोधणारे इलेक्ट्रॉनिक मंडल होते आणि त्याला सूक्ष्मसंगणक जोडलेला होता. गायन चालू असताना वारंवारता सतत काढत राहायचे, तिचा आलेख करायचा आणि कोणत्या उंचीवर स्वर किती वेळ होता याचा हिशेब मांडायचा. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, हे यंत्र संशोधनासाठी वापरले गेले. डच संगीतशास्त्रज्ञ विम व्हान डर मेर हेही या कामाशी जोडलेले होते.

आता सोनोमीटर आणि हे यंत्र शेजारी ठेवून पाहा. सोनोमीटर विचारत होता, "हा स्वर कोठे उभा आहे?" नवे यंत्र विचारत होते, "स्वर कसा चालतो आहे?" उत्तर वेगळे आले यात नवल नाही. आलेखात स्थिर आडव्या रेषा कमी आणि वळणे जास्त दिसली. स्वर किती वेळ कोठे होता या हिशेबात टोकदार सुळके क्वचित, रुंद टेकड्या अधिक. श्रुतीला ठरीव, मोजून दाखवता येणारी जागा मानणाऱ्या मताला या पुराव्याचा आधार मिळाला नाही. सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी पुढे श्रुतिकल्पनेच्या इतिहासावर लिहिताना ही बाजू सविस्तर मांडली आहे.

याचा अर्थ देवल चुकले आणि भातखंडे बरोबर ठरले, असा सोपा निकाल देऊ नये. देवलांनी मोजले ते लावून धरलेले स्वर होते. तानपुऱ्याशी जुळवून धरलेला गंधार किंवा पंचम साध्या पूर्णांकी प्रमाणाकडे ओढला जातो यात भौतिकशास्त्र आहे, कारण तेथे उपस्वर एकमेकांत मिसळून ठोके नाहीसे होतात. चूक असलीच तर मोजमापाची नाही, ती स्थिर स्वरावरून चालत्या संगीताबद्दल निष्कर्ष काढण्यात आहे. उपकरणाची कक्षा आणि दाव्याची कक्षा एकच असावी लागते.

सुवर्णलता राव आणि व्हान डर मेर यांनीच एनसीपीए आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठ यांच्या वतीने 'ऑट्रिम' हा प्रकल्प केला. 'म्युझिक इन मोशन' या नावाने त्यांनी मांडलेल्या चित्रफितींत ख्याल ऐकू येतो आणि त्याबरोबर पडद्यावर स्वररेषा सरकते. रागाच्या स्वरांच्या आडव्या रेघा पार्श्वभूमीला असतात. मींड म्हणजे काय हे शब्दांत सांगायला शिक्षकाला दहा वाक्ये लागतात, तेथे एक वळण पुरते. त्यानंतर मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव यांच्या गटाने तबला, तानपुरा आणि हार्मोनियम यांच्या साथीतूनही गायकाचा स्वर वेगळा काढण्याच्या रीतींवर काम केले. २०११ मध्ये बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठातून झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी संगीताच्या कामात आयआयटी मुंबई सहभागी होती.

६. "आत्ता"ची किंमत

फरीदाबादला आमच्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी दरवर्षी छोट्या प्रकल्पासाठी "ध्वनीवर नाचणारे चित्र" हा विषय घेतात. एफएफटीचे तयार फंक्शन, रंगीत खांब, झाले. खांब उत्तम नाचतात. मग मी एक प्रश्न विचारतो : यावर २४० आणि २४३ हर्ट्झचे दोन स्वर वेगळे ओळखता येतील का? २४० पासून ८१/८० वर असलेला स्वर म्हणजे २४३, म्हणजे देवलांच्या तारेवरचे तेच सूक्ष्म अंतर.

गणित करू. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि एका वेळी २,०४८ नमुन्यांची चौकट घेतली, तर चौकट सुमारे ४६ मिलिसेकंदांची होते. वर्णपटातील दोन शेजारच्या खांबांत ४४,१०० भागिले २,०४८, म्हणजे सुमारे २१.५ हर्ट्झचे अंतर पडते. २४० आणि २४३ हे दोन्ही एकाच खांबात पडतात. एकटाच स्वर असेल तर आजूबाजूच्या खांबांच्या उंचीवरून शिखराची जागा अधिक अचूक काढता येते. पण तानपुरा आणि गायक दोघेही एकाच वेळी ऐकू येत असतील आणि त्यांच्यात ३ हर्ट्झचे अंतर असेल, तर त्यांना वेगळे करायला सुमारे एक तृतीयांश सेकंदाची चौकट हवी. सेकंदाला आठ स्वरांची तान चालू असेल तर तेवढ्या वेळात अडीच स्वर होऊन जातात. वारंवारता नेमकी हवी तर काळ अंधुक होतो, काळ नेमका हवा तर वारंवारता अंधुक होते. ही अडचण वेगवान प्रोसेसरने सुटत नाही, ती गणितातच आहे.

स्वररेषेसाठी म्हणून वेगळी रीत वापरतात. तरंग स्वतःवरच थोडा सरकवून ठेवायचा आणि किती सरकवल्यावर तो स्वतःशी जुळतो ते पाहायचे. हेच ऑटोकोरिलेशन. २४० हर्ट्झचे एक आवर्तन ४.१७ मिलिसेकंदांचे असते, तेव्हा तीन आवर्तने म्हणजे जेमतेम साडेबारा मिलिसेकंद. त्या आवर्तनात १८३.७५ नमुने असतात. २४३ हर्ट्झच्या आवर्तनात १८१.४८. सांगलीच्या तारेवरचा एक सेंटिमीटर येथे सव्वादोन नमुन्यांचा झाला. नमुन्यांच्या मधली जागा अंदाजाने भरून काढली की हे अंतर सहज मोजता येते.

या रीतीचाही एक दोष आहे. जो तरंग एका आवर्तनाने स्वतःशी जुळतो तो दोन आवर्तनांनीही जुळतो. त्यामुळे यंत्र मधूनच एक सप्तक खाली उडी मारते. आधीच ध्वनिमुद्रित केलेले गाणे असेल तर यावर उपाय सोपा आहे : संपूर्ण ध्वनिमुद्रणात सर्वांत कमी उड्या असलेली वाट निवडायची. पॉल बोर्स्मा यांनी १९९३ मध्ये मांडलेली आणि प्राट या प्रोग्रॅममधून जगभर पसरलेली रीत असेच करते. यात पुढचा स्वर पाहून मागचा दुरुस्त करता येतो. चालू मैफलीत पुढचा स्वर अजून गायलाच गेलेला नसतो. म्हणून थेट चित्र थरथरते आणि मागाहून काढलेले चित्र गुळगुळीत असते. ज्याला मागाहून काढलेल्या चित्राइतके स्वच्छ थेट चित्र हवे, त्याला थोडा उशीर सहन करावा लागतो.

७. रेघा कोणी आखायच्या?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. स्वररेषा अचूक आली असे धरा. पडद्यावर तिच्यामागे आडव्या रेघा लागतात, नाहीतर पाहणाऱ्याला गंधार कोठे आणि रिषभ कोठे ते कळत नाही. त्या रेघा कोठे आखायच्या? बारा समान भागांवर आखल्या तर शुद्ध गंधार ४०० सेंटवर येईल. ५/४ या प्रमाणाचा गंधार ३८६ सेंटवर असतो. तानपुऱ्याशी उत्तम जुळवून गाणारी मुलगी पडद्यावर चौदा सेंटने "खाली" दिसेल. बावीस रेघा आखल्या तर देवलांच्या वेळचा सारा वाद त्या पडद्यावर परत येईल. दरबारी कानड्याचा कोमल गंधार आंदोलित असतो. तो कोणत्याही रेघेवर थांबतच नाही, एका पट्ट्यात झुलतो. यंत्राने रेघेपासूनचे अंतर मोजून गुण द्यायचे ठरवले, तर दरबारी जितका चांगला गायला जाईल तितके गुण कमी पडतील आणि हार्मोनियमच्या पट्टीसारखा सपाट गंधार लावणाऱ्याला पूर्ण गुण मिळतील.

ही केवळ कल्पना म्हणून सोडून देऊ नये. आज खेड्यापाड्यातल्या मुलांनाही मोबाईलवर स्वररेषा पाहून रियाज करता येतो. ज्यांना गुरू मिळत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. पण त्या मुलाच्या जवळ चूक-बरोबर सांगणारा दुसरा कोणी नसेल, तर पडद्यावरची रेघ हाच त्याचा गुरू होतो. ती रेघ प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अभियंत्याने आखलेली असते, आणि बहुधा राग शिकून आखलेली नसते. दोन पिढ्यांनी असे केले तर कान रेघेप्रमाणे घडतील. संगीत मोजण्यासाठी केलेले साधन संगीतालाच आपल्या मापाचे करून टाकील.

उपाय अवघड नाहीत. रेघेऐवजी पट्टा आखता येतो. पट्ट्याची रुंदी रागानुसार ठेवता येते, आणि ती ठरवण्यासाठी चांगल्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांतून मिळालेल्या त्या रुंद टेकड्याच उपयोगी पडतात. एका क्षणाची उंची तपासण्याऐवजी वळणाचा आकार तपासता येतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे गुण देणेच टाळायचे. गुरूची रेषा आणि शिष्याची रेषा एकाखाली एक दाखवायच्या आणि फरक शिष्याला ऐकून शोधू द्यायचा. यासाठी अभियंत्याला गवयी व्हावे लागत नाही, मात्र रेघ आखण्यापूर्वी गवयाला विचारावे लागते. देवलांनी तेवढे केले होते; सोनोमीटर साधा होता, पण समोर अब्दुल करीम खाँ होते.

करून पाहा

१. ९० सेंटिमीटरच्या तारेवर म (४/३), ग (५/४) आणि ध (५/३) यांसाठी घोडी कोठे ठेवावी लागेल ते काढा. त्यांचे सेंट काढून हार्मोनियमच्या स्वरांशी तुलना करा.

२. मिरजेत किंवा इतरत्र बनलेल्या कोणत्याही तानपुऱ्याच्या एकाच तारेचे दोनदा ध्वनिमुद्रण करा : एकदा जवारीचा धागा लावून, एकदा काढून. दोन्हींचे स्पेक्ट्रोग्राम शेजारी ठेवा. वरच्या उपस्वरांत काय बदलले?

३. चौकट २५६, २,०४८ आणि १६,३८४ नमुन्यांची ठेवून बासरीच्या एकाच मींडेचा स्पेक्ट्रोग्राम काढा. प्रत्येक वेळी काय स्पष्ट झाले आणि काय हरवले ते एकेका वाक्यात लिहा.

४. भैरवातील कोमल रिषभ दोन निरनिराळ्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांतून घ्या. स्वर कोणत्या उंचीवर किती वेळ होता याचा आलेख काढा. त्या आलेखावरून तुम्ही ॲपमध्ये किती रुंदीचा पट्टा आखाल, आणि तो आखण्यापूर्वी कोणाला दाखवाल?